नवीन स्पीकरसाठी सेकंडहँड ॲम्प घेताय? आधी स्पीकरचे आकडे वाचा, मग ॲम्प शोधा

नवीन स्पीकर घरी आले की बहुतेकांचं असंच होतं, बजेट सगळं स्पीकरमध्ये गेलेलं असतं आणि मग ॲम्प, म्हणजे ॲम्प्लिफायर, जुना बघू असं ठरतं. माझ्या मते हा निर्णय चांगलाच आहे. स्पीकरमध्ये हलणारे भाग असतात, त्यातला फोम, रबर म्हातारा होतो, पण नीट बनवलेला इंटिग्रेटेड ॲम्प (नॉबचा भाग आणि पॉवर देणारा भाग एकाच डब्यात असलेला) वीस वीस वर्षं छान चालतो आणि बिघडला तरी दुरुस्त होतो. फक्त एक गडबड मी सारखी बघतो, लोक सुरुवात ॲम्पपासून करतात. "अमुक कंपनीचा १०० वॉटचा मिळतोय, घेऊ का?" या प्रश्नाला उत्तरच देता येत नाही, कारण कुठल्या स्पीकरला, किती मोठ्या खोलीत, किती लांबून ऐकणार हे त्यात कुठंच नाहीये.

तर आधी स्पीकरचं मॅन्युअल काढा. त्यात "रेकमेंडेड पॉवर ३० ते १५० वॉट" असं काहीतरी लिहिलेलं असतं, त्यावरनं फारसं काही कळत नाही, ते सोडून द्या. आपल्याला पाहिजेत सेन्सिटिव्हिटी, नॉमिनल इम्पिडन्स आणि मिनिमम इम्पिडन्स. इम्पिडन्स म्हणजे स्पीकर करंटला करतो तो विरोध, तो ओहममध्ये मोजतात, नॉमिनल म्हणजे कंपनीनं लिहिलेला ढोबळ आकडा आणि मिनिमम म्हणजे तो सगळ्यात खाली जिथं उतरतो तो.

सेन्सिटिव्हिटी म्हणजे स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले तर १ मीटरवर किती डेसिबल आवाज येतो. ८ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर १ वॉट होतो, पण ४ ओहमच्या स्पीकरला तेच २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॉट. त्यामुळे ४ ओहमचा स्पीकर कागदावर ८८ डेसिबल दिसत असला तरी ८ ओहमवाल्याशी तुलना करताना तो ८५ धरायचा, कारण तो ॲम्पकडनं दुप्पट पॉवर खाऊन तेवढा वाजतोय. हे लक्षात न घेता "माझा स्पीकर सेन्सिटिव्ह आहे, छोटा ॲम्प चालेल" असं म्हणणारे बरेच जण नंतर वैतागतात.

आता हिशोब करूया, अवघड नाहीये. समजा स्पीकर ८६ डेसिबलचा, ८ ओहमचा, आणि तुम्ही अडीच मीटरवर बसता. मोकळ्या जागेत अडीच मीटरवर साधारण ८ डेसिबल कमी होतात, दोन स्पीकर आहेत म्हणून ३ परत मिळतात, म्हणजे १ वॉटला तुमच्या कानाशी ८१ डेसिबल आले. खोलीच्या भिंती अजून थोडी मदत करतात, ती बोनस समजा. बऱ्यापैकी भरीव ऐकायचं म्हणजे सरासरी ७५ डेसिबल, आणि चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये तबल्याची थाप, ड्रम असे क्षण सरासरीच्या १५-२० डेसिबल वर उडी मारतात, म्हणजे ९५ धरा. ८१ ते ९५ हा १४ डेसिबलचा फरक, त्याला साधारण २५ वॉट लागतात. संपलं. म्हणजे ५० वॉटचा प्रामाणिक ॲम्प असेल तर तुम्ही निवांत. पण तुम्हाला सरासरी ८५ वर ऐकायची हौस असेल तर तोच हिशोब २५० वॉटवर जातो, कारण दर १० डेसिबलला पॉवर दहापट लागते. म्हणून मोठ्यानं ऐकणाऱ्यांनी आणि मोठा हॉल असणाऱ्यांनी ॲम्प मोठा शोधण्यापेक्षा स्पीकर घेतानाच सेन्सिटिव्हिटी बघायला पाहिजे होती, पण असो, ते आता झालं.

यातनंच दुसरी गोष्ट कळते, ५० वॉट आणि ६० वॉट यातला फरक एक डेसिबलसुद्धा नाही. ५० आणि १०० मधला फरक ३ डेसिबल, म्हणजे ऐकू येतो पण "दुप्पट आवाज" अजिबात नाही. तेव्हा वॉटच्या छोट्या फरकासाठी चांगल्या कंडिशनचा ॲम्प सोडू नका.

इम्पिडन्सकडे मात्र बारीक बघा, खरी मॅचिंग इथं होते. नॉमिनल ८ ओहम लिहिलं म्हणजे स्पीकर सगळीकडे ८ ओहम नसतो, फ्रिक्वेन्सीप्रमाणे तो वरखाली होतो, कुठं २० ओहम, कुठं ४. आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मानकाप्रमाणे मिनिमम हा नॉमिनलच्या ८० टक्क्यांच्या खाली जायला नको, म्हणजे ८ ओहमवाला ६.४ च्या खाली नाही आणि ४ ओहमवाला ३.२ च्या खाली नाही, पण प्रत्यक्षात "८ ओहम" लिहिलेले कितीतरी स्पीकर साडेतीन-चारपर्यंत उतरतात. मॅन्युअलमध्ये मिनिमम दिला नसेल तर कुणीतरी मोजलेला इम्पिडन्सचा ग्राफ शोधा. आणि तो खड्डा कुठं पडलाय ते बघा, १०० हर्ट्झच्या आसपास बेसमध्ये पडत असेल तर ॲम्पला जास्त त्रास, कारण संगीतातली ताकद तिथंच जास्त असते आणि ॲम्पला तिथं करंट द्यावा लागतो.

मग ॲम्प बघताना ८ ओहमच्या आकड्याबरोबर ४ ओहमचा आकडा बघायचा. ८ ओहमला ५० आणि ४ ओहमला ८०-९० वॉट देत असेल तर पॉवर सप्लाय तगडा आहे. ४ ओहमचा आकडाच दिलेला नसेल, किंवा मागे "६ ते १६ ओहम" एवढंच छापलेलं असेल, तर ४ ओहमच्या स्पीकरला तो ॲम्प मी तरी घेणार नाही. मागच्या पॅनलवर ए आणि बी असे दोन स्पीकर सेट असतील तर तिथं बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, एकच सेट असेल तर ४ ओहमपासून, दोन्ही एकदम असतील तर ८ ओहमपासून, कारण दोन सेट पॅरलल जोडले की इम्पिडन्स निम्मा होतो. काही ॲम्पला मागं ४/८ ओहमचा स्विच असतो, बऱ्याच मॉडेलमध्ये तो ४ वर टाकला की आतलं व्होल्टेज कमी होतं, म्हणजे ॲम्प कमी तापतो पण पॉवरही कमी होते. त्या स्विचमुळं ॲम्प ताकदवान होत नाही एवढं समजून घ्या, आणि चालू असताना तो कधीच हलवू नका.

नॅड कंपनीच्या ३०२० या ॲम्पचं उदाहरण मला इथं कायम द्यावंसं वाटतं. १९७८ चा ॲम्प, कागदावर फक्त २० वॉट, पण क्षणभरासाठी तो त्याच्या दुपटीहून जास्त पॉवर देऊ शकायचा आणि कमी इम्पिडन्सच्या स्पीकरला घाबरायचा नाही. त्याच काळातले आणि नंतरचे कागदावर दुप्पट-तिप्पट वॉटचे कितीतरी ॲम्प अवघड स्पीकरवर त्याच्यासमोर गळपटायचे. वॉट छापणं सोपं, करंट देणं अवघड!

वॉटचा आकडा वाचायचीसुद्धा एक पद्धत आहे. "८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन्ही चॅनल (डावा-उजवा) चालू, ०.१ टक्का डिस्टॉर्शन (आवाजाची विकृती)" असं लिहिलेलं असेल तर त्या ५० वॉटवर विश्वास ठेवा. "६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन" असेल तर तो आकडा फुगवलेला आहे, आणि एकच चॅनल चालू ठेवून मोजलेला असेल तर अजूनच. असले आकडे फुगवण्याचे प्रकार इतके वाढले होते की अमेरिकेत १९७४ मध्ये सरकारला घरगुती ॲम्पच्या जाहिरातीतले वॉट कसे मोजायचे याचा नियम काढावा लागला. आणि साधी युक्ती, ॲम्प उचलून बघा किंवा वजन विचारा. क्लास एबी, म्हणजे पारंपरिक रचनेच्या ॲम्पमध्ये वजन म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि हीट सिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग), १०० वॉटचा दावा करणारा एबी ॲम्प ५ किलोचा असेल तर कुठंतरी पाणी मुरतंय. क्लास डी या कमी तापणाऱ्या रचनेच्या ॲम्पना ही युक्ती लागू नाही, ते हलकेच असतात.

आणखी एक गैरसमज, "व्हॉल्यूम नऊच्या काट्यावरच दणदणीत वाजतो, म्हणजे अजून भरपूर पॉवर शिल्लक आहे." नाही हो. जुन्या ॲम्पची इनपुट सेन्सिटिव्हिटी १५० मिलिव्होल्टच्या आसपास असते, आणि आजचा डॅक (डिजिटल संगीताचा ॲनालॉग सिग्नल करून देणारा डबा) किंवा सीडी प्लेअर २ व्होल्ट देतो, म्हणजे २२ डेसिबल जास्तीचे. नॉब अर्ध्यावर जायच्या आतच ॲम्पची पूर्ण पॉवर संपलेली असू शकते. आणि ॲम्प संपल्यावर पुढं ढकलला की क्लिपिंग सुरू होतं, वेव्हची डोकी कापली जातात, वरच्या फ्रिक्वेन्सीत नको ती जास्तीची ताकद जाते आणि बळी जातो ट्वीटरचा, म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सी वाजवणाऱ्या छोट्या ड्रायव्हरचा. नवीन स्पीकरचे ट्वीटर छोट्या ॲम्पनं उडतात ते असे, म्हणून थोडा मोठा ॲम्प हळू वाजवणं हे छोटा ॲम्प पिळण्यापेक्षा केव्हाही सुरक्षित.

व्हॉल्व्ह ॲम्पचा (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या ट्यूबवर चालणाऱ्या ॲम्पचा) मोह होत असेल तर एवढंच, त्यांचा आउटपुट इम्पिडन्स जास्त असतो, त्यामुळं स्पीकरचा इम्पिडन्स जसा वरखाली होतो तसा आवाजाचा बॅलन्सही बदलतो. ज्या स्पीकरचा इम्पिडन्स सपाट आहे आणि सेन्सिटिव्हिटी ९० च्या वर आहे त्याच्यावर मजा येते, बाकीच्यांवर नशीब. शिवाय ट्यूब बदलायचा खर्च वेगळा.

सोयींचं पटकन सांगतो. टर्नटेबल असेल तर फोनो इनपुट बघा आणि ते एमएमचं (मूव्हिंग मॅग्नेट) आहे का एमसीचं (मूव्हिंग कॉइल) ते विचारा, हे टर्नटेबलच्या सुईच्या कार्ट्रिजचे दोन प्रकार आहेत. पुढं सबवूफर लावायचा असेल तर प्री-आउट (प्री सेक्शनचा सिग्नल बाहेर देणारं सॉकेट) हवा. रिमोट मूळचा मिळतोय का बघा. आत डॅक, ब्लूटूथ आहे का याला जुन्या ॲम्पमध्ये मी महत्त्व देत नाही, त्या गोष्टी लवकर जुन्या होतात आणि बाहेरून जोडता येतात.

आता वय. मला विचाराल तर ज्याला सोल्डरिंग येत नाही आणि ओळखीचा चांगला टेक्निशियन नाही त्यानं १०-१५ वर्षांच्या आतला ॲम्प बघावा. सत्तर-ऐंशीच्या दशकातले जपानी ॲम्प, सान्सुई, पायोनियर, केनवूड, दिसायला राजेशाही आणि वाजायलाही सुंदर, माझंही त्यांच्यावर मनापासून प्रेम आहे, पण चाळीस वर्षांचे कपॅसिटर म्हणजे चाळीस वर्षांचे कपॅसिटर. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान दर १० डिग्री वाढलं की साधारण निम्मं होतं, त्यामुळं जो ॲम्प बंद कपाटात तापत बसलाय तो कमी वयातसुद्धा म्हातारा झालेला असतो. त्या काळच्या बऱ्याच ॲम्पमध्ये मोठे पार्ट पक्के बसावेत म्हणून एक पिवळट गोंद लावायचे, तो वर्षानुवर्षं तापून तपकिरी होतो आणि मग आजूबाजूच्या पार्टचे पाय खातो, कधी कधी त्यातनं करंटसुद्धा वाहायला लागतो. आणि मूळ आउटपुट ट्रान्झिस्टर किंवा एसटीके मॉड्यूल (पॉवर सर्किट एकाच तुकड्यात असलेला पार्ट) आता बनत नसतील तर बाजारात त्यांच्या नावाचा नकली माल फिरतो, तो बसवून ॲम्प परत उडतो. म्हणून "नुकतंच रिपेअर केलंय" ऐकून खूश होऊ नका, काय बदललं, कुठला पार्ट टाकला, कुणी केलं हे विचारा.

व्होल्टेज न विसरता तपासा. मागच्या प्लेटवर लिहिलेलं असतं. जपानच्या बाजारासाठी बनलेले ॲम्प १०० व्होल्टचे असतात, अमेरिकेतले १२० चे, आणि ते २३० व्होल्टमध्ये थेट लावले की खेळ खल्लास. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालतात, पण तो पुरेशा क्षमतेचा घ्यावा लागतो आणि त्याची स्वतःची गुणगुण असते, हे सगळं किमतीत धरा.

विकणाऱ्याशी फोनवर बोलताना मी एक गोष्ट नक्की सांगतो, मी येईपर्यंत ॲम्प चालू करू नका. थंड ॲम्प पहिल्या मिनिटात खरं बोलतो, कुठं टकटक होते, कुठला चॅनल उशिरा येतो, सगळं तेव्हाच कळतं. तापल्यावर बरेच दोष झाकले जातात.

जाताना बरोबर न्यायचं: साधा मल्टिमीटर, फोन आणि त्याची केबल, हेडफोन, टॉर्च, आणि उडाले तरी चालतील असे जुने छोटे स्पीकर. नवीन स्पीकर अनोळखी ॲम्पला पहिल्याच झटक्यात जोडायचे नाहीत, हे मी फार कळकळीनं सांगतोय.

आधी बंद ॲम्प बघा. वरच्या जाळीतून टॉर्च मारा, धूळ ठीक आहे, पण कपॅसिटरची फुगलेली डोकी, जळकट वास, बोर्डवर काळा डाग नको. स्क्रूची डोकी झिजलेली असतील तर कुणीतरी आत हात घातलाय, वाईटच असं नाही, पण विचारा. काही ॲम्पच्या मागं प्री-आउट आणि मेन-इन (पॉवर सेक्शनचं इनपुट) जोडणारे यू आकाराचे छोटे धातूचे जंपर असतात, ते हरवलेले किंवा गंजलेले असले तर आवाजच येत नाही किंवा येतो-जातो.

मग स्पीकर न जोडता, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून चालू करा. थांबा, व्हॉल्व्ह ॲम्प असेल तर हे अजिबात करू नका, तो स्पीकरशिवाय चालू करायचा नसतो, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. ट्रान्झिस्टरवाला असेल तर काही सेकंदांनी रिलेचा, म्हणजे स्पीकर जोडणाऱ्या आतल्या स्विचचा, टक असा आवाज यायला हवा, तो आला म्हणजे प्रोटेक्शन सर्किट समाधानी आहे. मग मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून एका चॅनलच्या लाल आणि काळ्या टर्मिनलवर लावा, नंतर दुसऱ्या चॅनलवर. २० मिलिव्होल्टच्या आत असेल तर फारच छान, ५० पर्यंत चालेल, १०० च्या वर असेल आणि दहा मिनिटांनंतरही खाली येत नसेल तर तो ॲम्प सर्व्हिस मागतोय. मोजताना प्रोब घसरून दोन्ही टर्मिनलला एकदम टेकू देऊ नका, शॉर्ट झाला तर आउटपुट ट्रान्झिस्टर जाईल आणि ते तुमच्या हातून झालेलं असेल.

आता जुने स्पीकर जोडा, पण गाणं लावू नका. वूफरला (बेसच्या मोठ्या ड्रायव्हरला) कान लावा. बारीक हिस्स चालतो, गुणगुण असेल तर व्हॉल्यूम फिरवून बघा, गुणगुण तेवढीच राहिली तर पॉवर सप्लायचे कपॅसिटर किंवा पॉवर सेक्शन, व्हॉल्यूमबरोबर वाढली तर इनपुट, केबल किंवा प्री सेक्शन. दुसरं असेल तर केबल काढून परत ऐका, निम्म्या वेळा दोष केबलचाच निघतो.

आणि मग हळू आवाजात ऐका. हे मी चूक करून शिकलो. एक सुंदर, चकाचक ॲम्प मी विकणाऱ्याच्या घरी मोठ्यानं लावून बघितला, खूश होऊन घेऊन आलो, आणि रात्री हळू आवाजात ऐकायला बसलो तर डावा चॅनल पातळ, फाटका, मधेच गायब. व्हॉल्यूम वाढवला की परत ठणठणीत. स्पीकर रिलेचे कॉन्टॅक्ट काळे पडले होते, मोठ्या सिग्नलला ते रेटून वाट काढतात, छोट्याला अडवतात. रिले बदलणं स्वस्त आणि सोपं काम आहे, पण ते किमतीत धरता आलं असतं, ते राहून गेलं. तेव्हापासून पहिली पंधरा मिनिटं मी फक्त कुजबुजीइतक्या आवाजात ऐकतो, एकाच माणसाचा आवाज असलेलं साधं रेकॉर्डिंग लावतो, आवाज बरोबर मध्ये उभा राहतो का बघतो. नॉबच्या अगदी खालच्या टोकाला एक चॅनल थोडा आधी सुरू होणं जुन्या पोटेन्शिओमीटरमध्ये (व्हॉल्यूम नॉबच्या मागच्या पार्टमध्ये) चालायचंच, पण तुमचे स्पीकर सेन्सिटिव्ह असतील तर तुम्ही रोज त्याच भागात वाजवणार आहात, मग तो फरक त्रास देतो.

प्रत्येक नॉब, प्रत्येक बटण हलवून बघा, बॅलन्स, बेस, ट्रेबल, सिलेक्टर, टेप मॉनिटर, हेडफोन जॅक, सगळे इनपुट. खरखर आली तर घाबरू नका, ॲम्प बंद करून तो नॉब वीस-तीस वेळा पूर्ण फिरवा, बरीच खरखर तिथंच जाते, उरलेली कॉन्टॅक्ट क्लीनरनं जाते. त्यानंही गेली नाही तर नॉबमधनं डीसी जातोय, म्हणजे आतला कुठलातरी कपॅसिटर गळतोय. नवीन ॲम्पमध्ये व्हॉल्यूम फिरवल्यावर मागंपुढं उड्या मारत असेल तर एन्कोडर (नॉब किती फिरला ते आतल्या सर्किटला सांगणारा पार्ट) झिजलाय.

हे सगळं झालं की अर्धा-पाऊण तास मध्यम आवाजात चालू ठेवा, विकणाऱ्याशी गप्पा मारा, आणि शेवटी वरच्या जाळीवर डाव्या-उजव्या बाजूला हात ठेवून बघा. दोन्हीकडच्या हीट सिंक सारख्या कोमट असायला हव्यात. नुसता चालू ठेवला असताना एक बाजू भाजतेय आणि दुसरी थंड आहे म्हणजे बायस (आउटपुट ट्रान्झिस्टरमधून कायम वाहणारा थोडा करंट) बिघडलाय, तसा ॲम्प मी दुरुस्ती करून मिळाला तरच घेतो.

वर्षानुवर्षं बंद पडलेला ॲम्प असेल तर सरळ मेन्सला लावू नका. टेक्निशियनकडे सिरीज लॅम्प असतो, जुना तारेचा ६० किंवा १०० वॉटचा बल्ब ॲम्पच्या सिरीजमध्ये, एलईडी नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, भगभगीत पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे आणि बल्बनं तुमचा ॲम्प वाचवला.

कुरियरनं मागवणार असाल तर दोन खोकी, एकात एक, आणि मध्ये घट्ट फोम. ट्रान्सफॉर्मर जड असतो, खोका एकदा आपटला की तो स्वतःचे स्क्रू उपटून शेजारचा बोर्ड फोडतो. जवळचा ॲम्प थोडा महाग पडला तरी स्वतः जाऊन आणलेला बरा.

घरी आल्यावर ॲम्पच्या वर निदान एक वीत मोकळी जागा सोडा, त्यावर दुसरा डबा ठेवू नका. स्पीकरची वायर जोडताना तारेचा एकही सुटा धागा शेजारच्या टर्मिनलला लागत नाही ना ते टॉर्चनं बघा. आणि पहिल्या दिवशी बेस गायब, आवाज मध्ये न थांबता इकडंतिकडं पसरलेला वाटला तर ॲम्पला आणि विकणाऱ्याला बोल लावायच्या आधी दोन्ही स्पीकरची लाल-काळी वायर तपासा, एका स्पीकरची उलटी लागलेली असते बघा बऱ्याचदा. ती सरळ केली की बेस परत येतो.